ठमाबाईची खुशाली

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून कपाळाला आठ्या घालू नकोस. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून उकळला, त्या बिचारीला बोल लावू नकोस. आई मध्यंतरी घसरून पडली होती, आता बरी आहे. म्हणजे काठी टेकत खिडकीपर्यंत जाते आणि तिथून माझ्यावर राज्य करते. मी घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. मधे कुठे वळायची सोय नाही.

माझी नोकरी तुला माहीत नसेल. समुद्र वाचवायला लोकांना गोळा करणारी संस्था आहे, दोन खोल्यांची. आमची एक कासवीण होती, ठमाबाई. तिच्या पाठीवर यंत्र चिकटवलेलं, श्वास घ्यायला वर आली की कुठे आहे ते कळायचं. दर महिन्याला हजारो लोकांच्या फोनवर तिच्या नावाने खुशाली जायची, ती लिहायचे मी. काय खाल्लं, कोण भेटलं, पाठ कशी अवघडली, सगळं तिच्या तोंडून. समुद्रासाठी अर्जावर कुणी सही करत नाही गं, ठमाबाईसाठी करतात. आई तर प्रत्येक खुशाली मोठ्याने वाचायची, शेजारणीला बोलावून.

उन्हाळ्यात ते यंत्र गप्प झालं. साहेब म्हणाले, बॅटरी गेली असेल, तू लिहीत राहा. मी लिहीत राहिले. मग एक नाववाला यंत्र घेऊन आला आणि माझ्याच टेबलावर ठेवून मान खाली घालून उभा राहिला. ठमाबाई त्याच्या जाळ्यात अडकली होती, श्वासाला वर येता आलं नाही तिला. साहेबांनी यंत्र खणात टाकलं आणि बजावलं की किनाऱ्यालगत जाळी बंद करायचा अर्ज सरकारात जाईपर्यंत ठमाबाई जिवंत आहे. खरं सांगावं तर सह्या थांबणार आणि उरलेली कासवंही तशीच जाणार. गप्प बसावं तर मेलेल्या जिवाच्या तोंडून मी विनोद करत बसायचं. नोकरी सोडावी तर घर कसं चालायचं? नुसती कात्रीत सापडले होते. घरी येऊन चपला काढते न काढते तोच आई विचारायची, कुठवर पोचली ठमाबाई? मी काहीतरी ठोकून द्यायचे. मग गाडी तुझ्यावर यायची. तुझ्या बढतीचं तर तिने अख्ख्या जिन्याला सांगितलंय. कसली बढती, ते पुढे सांगते.

गेल्या आठवड्यात साहेब म्हणाले, आता तिला अंडी घालायला लाव. तेवढं मात्र माझ्याच्याने होईना. ठमाबाई जाळ्यात गेली आणि तिच्या नावाने लिहिणारी मी, ऑफिसातली एक बाई, असं सरळ लिहिलं आणि कुणाला न विचारता धाडून दिलं. काहींनी शिव्या घातल्या, काहींनी सह्या केल्या. अर्जाचं काय होतं देव जाणे. साहेब माझ्याकडे बघतही नाहीत.

आईनेही ते वाचलं, या खेपेला मनातल्या मनात. मग मला जवळ बसवून विचारलं, आणि धाकटीचे फोन? तेही तूच ना? धाकटे, तू भांडून गेल्यापासून घरी एकदाही फोन केला नाहीस. ती दुपारी झोपली की तुझा फोन येऊन जातो, असं मीच सांगत आले. बढतीही मीच दिली तुला. ती इतकी आशेने विचारायची की नाही म्हणवायचं नाही. तिच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही, दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात पळाले. मला तुझा राग येतो, चांगलाच येतो, आणि आठवणही तेवढीच येते. तिच्याशी गोड बोल असं म्हणत नाही मी. भांड हवं तर, पण तू स्वतः भांड. नंबर तोच आहे. आणि ती आता दुपारची झोपत नाही.

तुझीच,
ताई