उघडं दार

कॉर्मक,

केरीच्या आयरिश किनाऱ्यावरच्या गावांचं पुस्तक लिहिलंस, त्यात आपल्या गावाबद्दल म्हणालास, "दार उघडं दिसलं की खुशाल आत जा, चहा मिळेल." काल आपलं दार उघडं होतं, कारण आत बाबांना शेवटच्या दर्शनासाठी निजवलं होतं. तू फोनवर म्हणालास, "ऐन पर्यटकांच्या हंगामात कसा येऊ गं ताई?" तू आला नाहीस, तुझं पुस्तक घेऊन दोन जर्मन बायका आल्या! ओशाळल्या बिचाऱ्या, पण गुडघे टेकून प्रार्थना केली, माझ्याबरोबर कपबश्याही विसळल्या. निघताना एकीनं पुस्तकावरचा तुझा फोटो पाहिला, मग बाबांचा चेहरा पाहिला. "हा यांचा मुलगा ना? कुठाय तो?"

"लोकांना गावं दाखवत हिंडतोय," मी म्हटलं.

हे पत्र पाठवणार नाही. याचंही पुस्तक करशील मेल्या.

बाबांची,
नोरीन