साहेबांचं पाकीट

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. तू लिहितोस, तुझ्या कारखान्यातला प्लाझ्माचा झोत इंचभर पोलाद कापतो आणि माझा साधा कागदसुद्धा जाळत नाही. कबूल. माझा गार असतो. हेलियममधून वीज सोडली की काचेच्या नळीच्या टोकाला जांभळी ज्योत येते, तिच्यात बोट धरलं तरी भाजत नाही. गाठ काढल्यावर जखमेत उरलेल्या कॅन्सरच्या पेशी तिनं मरतात का, हेच तर आमच्या इस्पितळातल्या ट्रायलमध्ये बघतोय. तेव्हा थट्टा पुरे.

आता खरी बातमी. आज बाहेरच्या बाकावर ही ट्रायल सुरू करणारे आमचे मोठे साहेब बसले होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली त्यांना. मानेवरची गाठ काढलीये आणि आता आमच्याच ट्रायलमध्ये पेशंट म्हणून आलेत! निम्म्या पेशंटांना ज्योत, निम्म्यांना वीज न लावता नुसता वायू, आणि कोणाला काय ते बंद पाकिटात. पाकीट उघडणार फक्त यंत्र चालवणारी, म्हणजे मी. हा नियम त्यांनीच केलेला. आप्पांच्या वेळी मी त्यांच्या टेबलापुढे हात जोडून उभी राहिले होते, माझ्या वडिलांना ज्योत द्या म्हणून. मान वरही न करता म्हणाले, पाकीट म्हणजे पाकीट. आप्पांच्या पाकिटात वायू निघाला आणि मी तो माझ्या हातानं त्यांना दहा वेळा दिला.

साहेबांचं पाकीट पुढच्या मंगळवारी उघडायचंय. मला झोप नाही. वहिनीला नमस्कार, आणि तुझा जीव आहे तसाच माझ्यावर राहू दे.

तुझी,
चिमी


७ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी दुपारी जेवलोच नाही, आनंदानं. सापडला म्हणायचा! पाकिटात काहीही निघो, तू त्याला वायूच दे. पडद्याआड काय चाललंय ते कोण बघणार? फुसफुस दोन्हीची सारखीच, हे तूच मला सांगितलं होतंस. आप्पांना शेवटी घोटभर पाणी गिळता येत नव्हतं आणि ह्या माणसानं साधी चौकशीसुद्धा केली नाही. मी तिथं असतो तर माझंच मशीन लावलं असतं त्याच्या मानेला.

तुझी वहिनी म्हणते, पोरीला भलतंसलतं शिकवू नका. तिचं ऐकू नकोस. काय झालं ते अगदी बारीकसारीक लिही आणि दादाची माया आहे हे विसरू नकोस.

तुझा,
दादा


१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकिटात ज्योत निघाली. म्हणजे नशीबसुद्धा साहेबांचंच! मी चिठ्ठी घडी करून ठेवली, वीज बंदच ठेवली आणि नुसता वायू सोडला. कागदावर मात्र ज्योत लिहिलं.

त्यांना कळावं हीच माझी इच्छा होती. ज्योत पेटली की बारीक उग्र वास येतो, झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा. बाकीच्या पेशंटांना त्याचा अर्थ लागत नाही, पण साहेबांची आख्खी नोकरी त्या वासात गेलेली. त्यांनी एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. वास नाही म्हणजे नुसता वायू, हे त्यांना कळलं, दादा. आता हा माणूस गयावया करेल, आणि मग मी मान वर न करता म्हणेन, पाकीट म्हणजे पाकीट. चार दिवस भांडी घासताना मी हे घोकत होते.

त्यांनी डोळे मिटले, मला सोपं जावं म्हणून मान थोडी वळवून धरली आणि सगळं संपेपर्यंत तसेच पडून राहिले. जाताना आभार मानले. बायकोला दारात म्हणाले, छान झालं. बस्स, एवढंच!

स्वतःवर बेतलं तरी नियम मोडा म्हणाले नाहीत. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. आप्पांच्या वेळी निदान तो माणूस खोटा आहे असं तरी वाटत होतं. काय करू ते लगेच लिही. तू तरी माझ्या बाजूला राहा.

तुझी,
चिमी


१५ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

विरघळू नकोस. सगळी नाटकं आहेत. अजून नऊ वेळा येणार आहे ना, एकदा तरी रडेलच. आप्पांचा चेहरा डोळ्यांपुढे ठेव आणि वायू चालू ठेव. वहिनी माझ्याशी बोलत नाही. तू तरी पत्र लिहायची थांबू नकोस.

तुझा,
दादा


३० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दीड महिना लिहिलं नाही, रागावू नकोस. आप्पांचा चेहराच डोळ्यांपुढे आणला होता रे, आणि दुसऱ्या खेपेला माझ्याच्यानं झालं नाही. मी वीज लावली.

वास सुटला तसे साहेबांनी डोळे उघडले. ज्याला वायू त्याला शेवटपर्यंत वायूच, हा नियम करणारा माणूस तो. मागच्या वेळी नाहीतर आज, मी पाकीट मोडलंय हे त्या एका श्वासात त्यांना कळलं. माझ्याकडे बघत राहिले. मी ज्योत धरून उभी.

आता तक्रार होणार, बोलावणं येणार, म्हणून मी कपाटातलं सामानसुद्धा आवरून ठेवलं. कोणीच बोलावलं नाही. साहेब दर मंगळवारी येतात. यंत्रावरची दुसरी मुलगी मोकळी असली तरी बाकावर बसून राहतात आणि सांगतात, आपल्याला हीच लागते. जखम भरत आलीये. ती ज्योतीनं भरतेय की आपोआप, आणि माझ्या त्या एका दिवसानं आत काही राहून गेलं का, हे कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.

सूड कसा घ्यायचा हे तू मला शिकवत होतास ना? साहेबांकडून शिक. आडवं व्हायच्या आधी दर वेळी सगळ्यांसमोर अगदी मऊ आवाजात ते मला एकच विचारतात, पाकिटात आहे तेच देतेस ना, बाळ? आणि दर वेळी मला हो म्हणावं लागतं.

वहिनीशी बोल. आणि जमलं तर माझ्यावर माया ठेव.

तुझी,
चिमी