सरांची म्हातारी

आई, तुला मी कधी पत्र लिहिले नाही. साखळीला नोकरीला होतो तेव्हा दर शनिवारी बसने घरी येत असे, आणि बाबा गेल्यानंतर तर आपण एकाच घरात राहिलो. पत्राची गरज पडली नाही. आता तुला जाऊन वीस वर्षे होत आली असताना लिहायला बसलो आहे, ते तुला काही कळवण्यासाठी नव्हे. तुझी एक गोष्ट मी तुला न विचारता घेतली. ती मी कशी वापरली, हे एकदा क्रमाने मांडून पाहायचे आहे. मनात घोळवताना मी प्रत्येक वेळी स्वतःला थोडी सूट देतो. कागदावर ती देता येणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आधी माझे काम सांगतो. आता आपल्या राज्यात कुठूनही एक ठरावीक नंबर फिरवला की तो फोन एका मोठ्या खोलीत वाजतो. तिथे कानाला हेडसेट लावून मुले-मुली बसलेली असतात. ती विचारपूस करतात, जवळची ॲम्ब्युलन्स पाठवतात आणि ती पोचेपर्यंत समोरच्या माणसाला काय करायचे ते सांगत राहतात. या खुर्चीवर कोणालाही बसवत नाहीत. आधी वर्गातले प्रशिक्षण, मग अनुभवी माणसाशेजारी बसून नुसते ऐकणे, मग त्याच्या देखरेखीखाली फोन घेणे, आणि शेवटी परीक्षा. तिचे प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय एकट्याने फोन घेता येत नाही, आणि तेही ठरावीक मुदतीने नवे करून घ्यावे लागते. मी तिथे लागलो हिशेब खात्यात; बी.कॉम. झालेला माणूस दुसरीकडे कुठे लागणार. परंतु नियम पाळणारा आणि इतरांना पाळायला लावणारा अशी माझी ख्याती झाली, वरिष्ठांनी मला प्रशिक्षणात घेतले, आणि तेव्हापासून ही परीक्षा मी घेतो.

परीक्षेतला अवघड भाग सराव-कॉलचा. उमेदवार एका खोलीत, मी शेजारच्या खोलीत, मध्ये फक्त फोन. मी संकटात सापडलेला माणूस व्हायचे आणि त्याने मला सांभाळून माहिती काढायची. पहिला प्रश्न ठिकाणाचा, कारण फोन मध्येच तुटला तरी गाडी निघाली पाहिजे. मग नंबर, मग काय झाले, शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का. ‘घाबरू नका’ असे म्हणायचे नाही. त्याने कोणाची भीती गेल्याचे ऐकिवात नाही. ‘काही होणार नाही’ असे तर कधीच म्हणायचे नाही. समोरचा ज्या बोलीत बोलेल त्याच बोलीत शक्यतो उत्तर द्यायचे. आणि गाडी पोचेपर्यंत आपण होऊन फोन ठेवायचा नाही. त्यासाठी मी काही प्रसंग रचून ठेवले आहेत: धारगळच्या उतारावर उलटलेला ट्रक, विहिरीत पडलेले मूल, सर्पदंश, अशासारखे. त्यांतला चौथा प्रसंग तू आहेस.

तो दिवस मी पाहिलेला नाही. मी साखळीला, खनिजाच्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात व्हाउचरे लावत बसलो होतो. बाबा आपल्या टायरच्या दुकानासमोर ट्रकचा टायर उतरवताना कोसळले. तू हमरस्ता ओलांडून किराणा दुकानात धावलीस, कारण वस्तीतला एकुलता एक फोन तिथे होता. मला ठाऊक आहे ते सगळे तुझ्या तोंडून. नंतरच्या दिवसांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू तो फोन जसाच्या तसा सांगत होतीस. आपले वेगळे राज्य होऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि राजभाषा कोकणी की मराठी यावरून उडालेला धुरळा खाली बसला नव्हता. आपल्या दुकानाच्या मराठी पाटीवरून ज्या दोन घरांशी आपले बोलणे बंद होते, तीही माणसे आली. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कोकमे फोडते आहेस, पुढ्यात सोलांचे सूप आहे, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना एकाच बोलीत तेच सांगते आहेस. “मी म्हटलंय, अरे पुता, गाडी धाड बेगीन, माणूस पडलो. तो विचारता, पेशंटाचा नाव काय? मी म्हटलंय, आमच्या घरातले. तो म्हणता, घरातले सगळ्यांचेच आसतत, नाव सांगा. मी म्हटलंय, टायरवाले. तर म्हणता, टायरवाले ह्यां आडनाव काय?” इथे ऐकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावत, आणि खरे तर तूही किंचित हसायचीस. मग तुझा आवाज खाली येई. “नाव शेवटाक दुकानदारान सांगल्यान. माझ्या तोंडात इला नाय.”

नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य घटते, असे तुला लहानपणापासून सांगितलेले. त्या घटकेला तर एक श्वासही घटवून चालणार नव्हता. पलीकडचा माणूस वाईट नसावा. त्याच्यापुढच्या कागदावर नावाचा रकाना पहिला असेल आणि त्याला कोणी काही शिकवलेलेही नसेल. डॉक्टर पुढे म्हणाले की गाडी लगेच आली असती तरी उपयोग नव्हता. मी त्यावर विश्वास ठेवला. तू ठेवलास की नाही, मी विचारले नाही. एकदा, तू सांगत असताना, मी तुला मध्येच थांबवून म्हणालो होतो, “आई, गाडी तिन्हीसांजेला नाही आली, त्याआधीच आली. दुकानदाराने मला सांगितलंय.” तू सूप बाजूला सारलेस. “तू होतंस थंय? मी होतंय. गप बस.” भेटायला आलेल्या माणसांसमोर तू मला असे कधी बोलली नव्हतीस.

तिथे नसलेल्या त्याच मुलाने, म्हणजे मी, पुढे तो फोन तोंडपाठ असल्याच्या जोरावर परीक्षेत घातला. पहिल्यांदा घातला तेव्हा हेतू शुद्ध होता, असे मला म्हणू दे. नाव न सांगणाऱ्या बायका अजून आहेत, आणि नावापाशी अडून बसू नये हे मुलांना शिकवणे जरूर होते. पण मी नुसता मजकूर घेतला नाही. तुझा हेल घेतला, धाप घेतली, ‘अरे पुता’ म्हणताना तुझा आवाज जिथे चिरकत असे ते चिरकणे घेतले. उमेदवार गडबडत. काही नापास होत. कँटीनमध्ये त्याची चर्चा होऊ लागली आणि त्या प्रसंगाला नाव पडले, ‘सरांची म्हातारी’. “तुला काय आलं रे?” “म्हातारी आली! मेलो!” मी हे जिन्यावरून ऐकत असे आणि, लिहायला लाज वाटते, मला बरे वाटे. सगळा जन्म मी रुक्ष माणूस म्हणून काढला. माझ्याजवळ काही कला आहे असे कोणी प्रथमच म्हणत होते. मग एका वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुलांनी आग्रह धरला आणि मी स्टेजवर गेलो. डोक्यावर कोणाची तरी ओढणी घेतली. ‘टायरवाले’ला शिट्ट्या पडल्या. मी ते वाक्य पुन्हा एकदा म्हटले. बाबा रस्त्याकडेला पडलेले असताना तू जे बोललीस ते मी, लोकांनी ‘वन्स मोअर’ म्हटले म्हणून, दोनदा म्हटले.

गेल्या महिन्यातल्या परीक्षेला शिरगावकडची एक मुलगी होती. तिची ही दुसरी आणि नियमाप्रमाणे शेवटची संधी. खाणी बंद पडल्यापासून बापाचा ट्रक दारात प्लास्टिकखाली उभा, आणि घरात मिळवते कोणी नाही. हे ती नव्हे, तिच्याबरोबरच्या मुली सांगत. तिला चौथा प्रसंग दिला. मी सुरू केले. तिने ठिकाण विचारले, नंबर विचारला, श्वासाचे विचारले आणि म्हणाली, “मावशी, गाडी सुटली. आतां म्हजें आयकात.” छाती कशी दाबायची, हात कुठे ठेवायचे, ते ती माझ्या बरोबरीने मोजत सांगू लागली. नाव तिने विचारलेच नाही. नावाशिवाय माझी हुकमी वाक्ये येऊ शकत नव्हती, म्हणून तिने न विचारताच मी ती म्हटली, आमच्या घरातले, टायरवाले. ती हसली नाही. मग मी माझा शेवटचा डाव टाकला आणि रडू लागलो, तुझ्यासारखा. ती म्हणाली, “रडात मावशी, पूण हात थांबयनाकात.”

इथवर आले की एरवी उमेदवार ‘गाडी येतेय’ म्हणून सुटका करून घेतो आणि मी कॉल संपवतो. ती म्हणाली, “गाडी दारांत पावसर हांव फोनार आसां.” गाडी दारात पोचेपर्यंत फोनवर राहायचे म्हणाली आणि ती खरोखरच राहिली. मोजत राहिली, मावशी फोनवर आहे ना, हे मध्ये मध्ये विचारत राहिली, “मावशी, आसात मगो?” आई, माझ्याकडे पुढचे वाक्य नव्हते. तुझ्या सांगण्यात पुढे काही नव्हतेच. दुकानदाराने नाव सांगितले आणि पलीकडच्याने फोन ठेवला. त्यानंतर गाडी येईपर्यंत तू त्या हमरस्त्याकडेला काय केलेस, हे तू कोणाला सांगितले नाहीस, आणि वेळ चुकली म्हणून तुला हटकणाऱ्या मला ते विचारावेसे वाटले नव्हते. मी रिसीव्हर धरून गप्प बसलो. तिने पुन्हा विचारले. मी माझ्या स्वतःच्या, पुरुषी आवाजात “आसंय” म्हणालो आणि फोन ठेवला.

गुण मांडायला शेजारी बसलेली तरुण अधिकारी खूश होऊन म्हणाली, “सर, शेवटची ती शांतता! नवीन ॲड केलीत ना?” आमचा नियम स्पष्ट आहे: फोन करणाऱ्याची भूमिका घेणारा मध्येच भूमिका सोडून बसला, तर ती परीक्षा रद्द होते आणि उमेदवाराला पुन्हा बसवावे लागते. मी म्हणालो, “हो. नवीन आहे.” मग तिने तक्ता माझ्यापुढे सरकवला. रुग्णाचे नाव विचारणे आवश्यक, सांगितले नाही तर पुढे जावे, असा मुद्दा त्यात होता, आणि तो मीच घातलेला. मुलीने विचारलेच नव्हते. तेवढ्यावरून ती नापास झाली आणि मी सही केली. बाहेर पडताना ती दारात थांबली होती. “सर, ती बायल नांव सांगची नाशिल्ली. म्हजी आवय लेगीत घेना. म्हणून विचारूंक ना.” तिची आईसुद्धा नवऱ्याचे नाव घेत नव्हती. मग तिने विचारले, “सर, ती खरी कोण आसली?” मी म्हणालो, “कोणी नाही. काल्पनिक आहे.”

तीन-चार दिवसांनी ती आपली मूळ कागदपत्रे परत न्यायला आली तेव्हा बाप बरोबर होता. कामावरच्या माणसासारखे हात पाठीमागे बांधून तो पॅसेजमध्ये उभा होता. मला पाहून म्हणाला, “सायबा, परत बसूंक मेळना न्हय?” मुलगी म्हणाली, “बाबा, नेम आसा. चलात.” तिने ते इतक्या सरळपणे म्हटले की मी तसाच जिना चढून वर गेलो आणि वरिष्ठांसमोर सांगितले की त्या कॉलमध्ये भूमिका मी सोडली, परीक्षा रद्द धरावी. त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही? काय झालं होतं?” मी म्हणालो, “घसा बसला.” तेवढे खोटे मी तिथेही बोललो. तिची परीक्षा पुन्हा झाली. फोनवर दुसरा सहकारी होता, प्रसंग उलटलेल्या ट्रकचा. ती पास झाली, आणि आता सकाळच्या पाळीला तिसऱ्या टेबलावर बसते. प्रमाणपत्र माझ्या हातून दिले. त्या वेळी तिला सांगायचे ठरवले होते की ती बाई माझी आई. मी म्हणालो, “अभिनंदन. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करून घे.”

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून शेवटी एवढे लिहितो. पुढची तुकडी सोमवारी परीक्षेला बसते आहे आणि चौथा प्रसंग मी यादीतून काढलेला नाही. काढायला दोनदा बसलो. मुलांना तो उपयोगी पडतो, हे कारण मी स्वतःला देतो आणि ते खोटेही नाही. पण तुझा आवाज कुठल्याच टेपवर नाही, आई. घरात तो मला आठवू म्हटले तरी आठवत नाही. त्या खोलीत, रिसीव्हर कानाला लावून ‘अरे पुता’ म्हटले की तेवढा येतो.