ताईला गाडीनेच आणणार

१२ एप्रिल, शनिवार

संकल्प. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शीलाताईला लोणखेड्याहून स्वतः जाऊन आणायचे. तेही गाडीने. न्यायला मुराळी दारात आल्याशिवाय ताई माहेरी यायला निघत नाही, आणि मुराळी म्हणून जायला मी एकटाच भाऊ. गेल्या वर्षी इलेक्शन ड्यूटी लागली, त्याआधी कावीळ. दोन आखाज्या तिने सासरीच काढल्या. आज फोनवर शब्द दिला. तिने म्हणे लगेच शेजारणींना सांगूनही टाकले.

किरकोळ अडचण: गाडी उभ्या उभ्या थरथरते. तीन सिलिंडर, त्यातला एक अधूनमधून गैरहजर. याला मिसफायर म्हणतात. पंचायत समितीत इतकी वर्षे काढली, गैरहजेरी हा विषय मला नवा नाही.

१३ एप्रिल, रविवार

मोबाईलवर मिसफायरचे व्हिडिओ पाहिले. विषय सोपा आहे. ठिणगी, हवा, पेट्रोल. तिन्हींपैकी काहीतरी कमी पडते, एवढेच. मेकॅनिककडे जायचे नाही. मागच्या खेपेला त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि भंगारवाल्याचा नंबर दिला.

निर्मला म्हणाली, एसटीमा बसा आनि ताईले लई या. घरात गाडी असलेला माणूस बहिणीला एसटीने आणतो का? बायकोशी वाद घातला नाही.

१४ एप्रिल, सोमवार. सुटी

ठिणगी. स्पेअर पार्टवाल्या इंदरचंदशेठकडे जाऊन नवे प्लग आणले. शेठ म्हणाले, साहेब, तुम्ही म्हणताय तर प्लगच असणार. जाणता माणूस आहे.

वायरी काढताना कुठली कुठे होती ते पक्के लक्षात ठेवले होते. बसवताना ते लक्षात राहिले नव्हते. स्टार्टर मारला तर सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारचे दोधूआप्पा बाहेर येऊन विचारू लागले, वरात कोनी शे? वायरींची अदलाबदल केली. बार बंद. थरथर आहे, पण कमी झाली असावी. निर्मलाच्या मते वाढली. तिला यातले काही कळत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

हवा. एअर फिल्टर काढला. हिवाळाभर गाडी मिरच्या वाळवायच्या पथारीशेजारी उभी होती, हे विसरलोच होतो. ओट्यावर दोनदा आपटला. पहिली शिंक मला, मग निर्मलाला, मग सगळ्या गल्लीला. दोधूआप्पांची कवळी अंगणात पडली. सुदैवाने शाबूत आहे.

रोगाचे मूळ सापडले, यात आता शंका नाही. नवा फिल्टर आणला. शेठ म्हणाले, तुम्ही म्हणताय तर फिल्टरच. बसवला. गाडी थरथरते ती आता स्वच्छ हवेत थरथरते. ही प्रगतीच म्हणायची.

२० एप्रिल, रविवार

फिल्टर नव्हताच. व्हॅक्यूम लीक आहे. एखादी नळी फुटली की इंजिन भलतीच हवा ओढते आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचे चालणे, बिघडते. पाण्याच्या पाइपचा तुकडा घेतला, एक टोक कानाला, दुसरे इंजिनाजवळ. डॉक्टरासारखा. लगेच सापडले. स्स्स् असा स्पष्ट आवाज. नळीवर टेप गुंडाळली. आवाज चालूच. आणखी गुंडाळली. तरी चालूच. पूर्ण रीळ संपवले. तेवढ्यात खिडकीतून निर्मलाने विचारले, कुकरनी शिट्टी कितवी झाली, ध्यान दिधं का? तिने गॅस बंद केला आणि लीक थांबला.

टेप मात्र काढणार नाही. पुढेमागे नळी फुटलीच तर तयारी असावी.

२४ एप्रिल, गुरुवार

आनंदाचा दिवस! कार्बोरेटरचा स्क्रू पिळला आणि थरथर गायब. गाडी दारात उभी राहून तोरणमाळचा घाट चढत असल्यासारखी ओरडते, पण थरथरत नाही. म्हणजे दोष गाडीत नव्हताच. तिला फक्त सावकाश चालणे जमत नाही. वाटेत कुठे थांबायचेच नाही, की प्रश्न मिटला.

सायंकाळी प्रकाशा गावच्या पुलापर्यंत ट्रायल ठेवली. निम्म्या वाटेत म्हशी आडव्या आल्या. थांबलो. गाडीही थांबली. मग म्हशी गेल्या.

ट्रॅक्टरला बांधून परत आलो. सस्पेन्शन अजून उत्तम आहे.

२७ एप्रिल, रविवार

ताईचा फोन. कव्हय येस रे भाऊ, मन्ही पिशवी भरेल शे. मी सांगितले, सुरतहून पार्ट यायचा आहे. कोणता, असे तिने विचारले. ऐन वेळी नाव सुचेना. म्हणालो, मेन पार्ट. ती म्हणाली, गाडीले काय करू मी? तू ये ना.

फोन ठेवला आणि फार वाईट वाटले. दोन वर्षे आखाजीच्या झोक्यावर बसली नाही ती, आणि मी तिला मेन पार्ट सांगतो. तशीच चप्पल घातली आणि एसटी स्टँडकडे निघालो. वाटेत इंदरचंदशेठचे दुकान लागले.

डिस्ट्रिब्युटरची कॅप घेऊन घरी आलो.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळ. नवी कॅप बसवली. गाडी सुरूच होत नाही.

संध्याकाळ. जुनी कॅप परत बसवली. गाडी सुरू होते आणि थरथरते. केवढा धीर आला! उद्या पहाटे निघणार म्हणजे निघणार. निर्मला आज गाडीबद्दल एक शब्दही बोलली नाही. शेवटी तिचाही विश्वास बसला.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

उठलो तेव्हा ऊन ओट्यावर आलेले. निर्मला घरात नाही. दोधूआप्पांनी सांगितले, ती पहिल्याच एसटीने लोणखेड्याला गेली. नणंदेला आणायला भावजय मुराळी! घरात येरझाऱ्या घालत राहिलो. राग कोणावर काढावा ते कळेना.

दुपारच्या आत फोन आला. ताईच. दोघी गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीजवळ उतरल्या होत्या. ताई म्हणाली, मुराळी लेवाले येत नही तवलोंग मी घरमा पाय टाकत नही. गाडी लई ये.

डोळ्यांत पाणी आले. एवढे सगळे होऊन तिने माझी लाज राखली होती. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गिरणीपर्यंत काय झोकात गेलो! सगळी गल्ली ओट्यावर. ताई पुढे बसली, पिशवी मांडीवर, निर्मला मागे. ताईने डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि म्हणाली, चांगली शे रे गाडी. तेव्हाच निघायला हवे होते. पण मला राहवले नाही. म्हटले, ताई, आयडलिंग ऐक एकदा.

तिने ऐकले. आरसा थरथरला, ताईच्या बांगड्या थरथरल्या, गाडी बंद पडली. चावी फिरवून फिरवून बॅटरीही गेली.

मी उतरायला लागलो तर ताईने खांद्याला धरून खाली बसवले. तू स्टेरिंग धर, म्हणाली, आनि ब्रेक नको दाबजो. तिने पदर खोचला, निर्मलाने खोचला, आणि दोघींनी मागून रेटा दिला. दोघी इतक्या हसत होत्या की गाडी मध्येच थांबायची. मी पुढे बघत स्टिअरिंग सांभाळले.

दारात पोचलो. ताई घामाघूम, माझी इस्त्री जशीच्या तशी. निर्मला आतून भाकरतुकडा घेऊन आली आणि कोणावरून ओवाळायचा म्हणून घुटमळली. ताईने माझ्याकडे बोट केले. म्हणाली, आनेल तं ह्याले शे.

निर्मलाने माझ्यावरून ओवाळला. मी पाय धुऊन आत गेलो.