मुराळ्यांनी भरवलेला वर्ग

विश्रामबाग, सांगली
२८ जुलै १९७५

ती. आजीस,
अंजनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे माझा जीव टांगणीला लागलाय. पाचवीला इंग्रजी शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी मी दहा दिवसांचा वर्ग भरवतेय. राहणं-जेवण शाळेतच. पुस्तकातलं इंग्रजी त्यांना येतं, पण बोलायला तोंड उघडत नाही. समोरासमोर बसल्याशिवाय ते उघडायचं नाही, असं भांडून मी हा वर्ग मिळवला. आमचे साहेब, लालासाहेब, म्हणाले, पहिल्या दिवशी निम्मे तरी आले नाहीत तर वर्ग बंद. धडे पोस्टानं पाठवू.

आणि मी पहिला दिवस धरला नेमका नागपंचमीचा. शिक्षकांत बायकाच जास्त, बहुतेक नव्या सुना. सासरचे सोडत नाहीत, अशी कार्डं येताहेत. शिराळ्याच्या बनुबाईला तर माहेरी कुणी उरलं नाही, सासूला विचारायचीही तिची छाती होत नाही. तारीख बदलायला साहेब तयार नाहीत. काय करू?

लोभ आहेच, या आठवड्यात जरा जास्त असू दे.
तुझी अंजना


कोरेगाव
आषाढ वद्य दशमी

चि. अंजनास आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी सांगते आन् हरिबा लिवतोय. फौजेतनं आल्यापास्नं त्याला दुसरं काम न्हाई. गुडघं बरं हायत असं लिव म्हटलं तर गालात हसतोय.

एवढं इंग्रजी शिकलीस आन् पंचमी इसरलीस व्हय? पर पोरी, तुझी चूक लय कामाची हाय. एरवी सुनंनं धा दिस बाहेर जाते म्हटलं तर सासू उंबऱ्यात आडवी पडंल. पंचमीला मुराळी दारात आला की तीच सासू गपगुमान शिदोरी बांधती. न्यायला आलेल्या भावाला माघारी धाडायची रीत न्हाई. तवा पोरींस्नी लिवू नगंस, त्यांच्या भावांस्नी लिव. म्हणावं, बहिणीला आणा आन् सांगलीला पोचवा. सासूशी खोटं मातूर बोलू नगा, कुठं नेतो ते सरळ सांगा. आन् आयांनाबी कळवा. लेकीची वाट बघत बसत्याल त्या. त्यांचं धा दिस तू घेतीस, याची जाण ठेव.

बनुबाईकडं आपला आकाराम जाईल. तुझा भाऊ एक बहीण जादा सांभाळंल. त्याला अजून सांगितलं न्हाई. जेवून उठला की सांगीन.

जिवाला जप. माया हाय तशीच हाय.
तुझी आजी, हस्ते हरिबा


विश्रामबाग, सांगली
१६ ऑगस्ट १९७५

ती. आजीस,
अंजनाचा शि. सा. न. वि. वि.

पंचमीला सकाळी वर्गात चार मास्तर आणि भिंती. मग एकेक मुराळी येऊ लागला, फेटा बांधून, बहिणीची वळकटी खांद्यावर. एकानं तर बहिणीच्या बाकावर आधी स्वतः बसून बघितलं. तरी निम्म्याला एक कमी पडत होती. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी स्वागतगीत पुन्हा म्हणायला लावलं. ते संपलं तरी दारात कुणी नव्हतं.

तेवढ्यात आकाराम बनुबाईला घेऊन दारात उभा. शिराळ्याच्या नागपंचमीच्या गर्दीत त्यांची एसटी अडकली होती. सासूनं त्याला उंबऱ्यातच विचारलं होतं, "आमच्या सुनंला भाऊ न्हाई. तू कवापास्नं झालास?"

तो म्हणाला, "आज सकाळधरनं."

ती बाई आत जाऊन शिदोरी बांधून घेऊन आली म्हणे.

साहेबांनी टोपण लावलं. वर्ग चालू आहे. बनुबाई काल पहिल्यांदा मोठ्यानं इंग्रजी बोलली आणि आता गप्प बसत नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
अंजना


कोरेगाव
श्रावण शुद्ध द्वादशी

चि. अंजनास आशीर्वाद.

आकारामाला वाटलं, काम झालं, सुटलो. मी त्याला म्होरं बसवून सांगितलं, की वर्ग संपला की बनुबाईला पयलं हितं आणायचं, मग सासरी पोचवायचं. आन् फुडच्या पंचमीला परत न्यायला जायचं, त्याच्या फुडच्यालाबी. वर्ग नसला तरी का, असं त्यानं इचारलं. नसला तरी, म्हटलं. वर्ग धा दिसांचा असतोय, भाऊ तेवढ्यापुरता होता येत न्हाई. तवा गडी हळूच इचारतोय, तिला खायला काय आवडतं.

परसातला पंचमीचा झोका कुणाला सोडू दिला न्हाई. दोघी मिळून या. दोघींवर माया.
तुझी आजी, हस्ते हरिबा