काही झालं नाही, धावून राहिली!

प्रिय सोनूचे बाबा,

आज सकाळी मी धावायला गेले नाही. बूट घातले, लेस बांधली, फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच परत आले. छाती अशी धडधडत होती की धावायच्या आधीच धावून झालं! कोणाला सांगू हे? सोनू काल गोंदियाला गेली, पोलीस भरतीच्या तयारीसाठी मैत्रिणींसोबत खोली करून राहणार आहे. घरात उरलो मी आणि माय. तुमच्या आईला सांगावं तर ती माझ्याहून जास्त घाबरणार. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं. तुम्हाला आता घाबरायचं काही कारण उरलेलं नाही.

हो, बरोबर वाचलंत! तुमची बायको धावते. सडक अर्जुनीच्या बाजारात भाजीची पिशवी धरून चालताना जी दर दुकानाच्या पायरीवर बसायची, तीच. हसा, हसून घ्या.

यात दोष डॉक्टरांचा आणि तुमच्या लेकीचा. तुम्ही गेल्यावर मी जेवायचं ते भात आणि चहा, आणि बाकी वेळ बसून राहायचं. एक दिवस चक्कर येऊन न्हाणीत पडले. सोनूनं दवाखान्यात नेलं तर शुगर निघाली, बीपी निघालं. कार्डिओग्राम मात्र बरा आला. डॉक्टर म्हणाले, "आधी चाला, मग चालता चालता थोडं धावा. धाप लागली म्हणजे अटॅक आला असं नसतं, बाई. धावताना बोलता येत असलं तर समजा, सगळं ठीक आहे."

सांगायला काय जातं त्यांचं! त्यांनी थोडंच तुम्हाला शेताच्या धुऱ्यावर बसलेलं पाहिलं होतं?

मी पाहिलं होतं. धानाचा रोवणा चालू होता, बांधीच्या चिखलात बाया ओळीनं वाकून पऱ्ह्याची रोपं लावत होत्या. तुम्ही त्या दिवशी पंक्चरचं दुकान बंद ठेवून पऱ्ह्याच्या पेंढ्या वाहून देत होतात. दोन दिवसांपासून 'गॅस आहे, गॅस आहे' म्हणत ओवा चावणं सुरू होतं, आणि वरून तंबाखूचा खर्रा! मी म्हटलं, दवाखान्यात चला. तुम्ही म्हणालात, "रोवना होऊ दे, मंग जाऊ." काऊन ऐकलं नाही जी माझं? एक दिवस रोवणा थांबला असता तर काय बिघडलं असतं?

"जरा बसतो," म्हणालात आणि बसल्या जागी आडवे झालात. मी साडी खोचून चिखलाच्या पायांनी बांधीतून रस्त्यावर धावले, नाल्यावरच्या रपट्यापर्यंत, ऑटो मिळेपर्यंत. माय ओसरीवर बसली होती, तिथून रपटा दिसतो. सून धावत येते आहे, एवढंच तिला दिसलं. काय झालं म्हणून तिनं विचारलंसुद्धा नाही, तिथूनच हंबरडा फोडला. ऑटो दवाखान्यात पोचायच्या आतच तुम्ही गेला होतात.

तेव्हापासून धावणं म्हटलं की मला तेच आठवतं. आणि मला एकटीलाच नाही, साऱ्या गावाला! आपल्या गावात धावतं कोण? लहान पोरं धावतात, भरतीवाले धावतात. लेकरांची आई झालेली बाई धावली तर एकच अर्थ, कुणाच्या तरी घरी काहीतरी झालं.

माझा पहिला दिवस ऐका आता. धान कापून झाले होते, धुकं पडलं होतं. सोनू पुढं, मी मागं. ती तर हरणाच्या वेगानं दिसेनाशी झाली. मी आपली साडीवर तुमचा जुना स्वेटर घालून दुडूदुडू. तेवढ्यात मागून ऑटो येऊन कचकन थांबला. "भाभी, बैठो बैठो! किसको क्या हुआ?" मला धाप लागलेली, तोंडातून शब्द फुटेना. मी नुसता हात हलवला. त्याला वाटलं, संपलं सगळं. तो तसाच गाडी वळवून गावात गेला आणि बोंब ठोकली!

मी परत आले तर आपल्या दारासमोर चपलांचा ढीग. असा ढीग मी एकदाच पाहिला होता, तुमच्या वेळी. सोनू पुढं गेली होती, हायवेवर ट्रक असतात, नाही नाही ते डोक्यात आलं. आत गेले तर अंगणभर माणसं, शेजारच्या यमुनाकाकूनं रडायला सुरुवातही केलेली, आणि मध्ये माय, तोंडात पदराचा बोळा कोंबून बसलेली. ऑटोवाल्याची बोंब तिच्यापर्यंत पोचेतो 'सून गेली' अशी झाली होती. तिला वाटत होतं मी गेले, मला वाटत होतं सोनू गेली! तेवढ्यात सोनू मागून घाम पुसत आली आणि म्हणाली, "एवढे लोकं काऊन आले?"

मायनं उठून मला पाठीत एक धपाटा घातला. मग माझ्या गळ्यात पडून रडली. मग कितीतरी दिवस बोललीच नाही.

मी म्हटलं, झालं, संपलं आपलं धावणं. पण तुमची लेक तुमच्यावरच गेली आहे हो. म्हणाली, "आई, तू धावतानी वरडत जाय न. सगळ्यायले सांगून टाक." आणि मी खरंच ओरडायला लागले! दर घरापुढून जाताना, "काही झालं नाही वो, धावून राहिली!" दुधवाला दिसला की, "काही झालं नाही गा, धावून राहिली!" लोक आधी येड्यासारखे बघायचे. मग हसायला लागले. आता तर पोरं माझ्याआधीच ओरडतात.

तुम्ही असता तर दुकानासमोर उभे राहून शिटी वाजवली असती. भरतीचे पोरं-पोरी पहाटे दुकानावरून गेले की वाजवायचात न तशी. "पाय उचला गा, पाय! म्हतारे झाले का?" स्वतः मात्र टायरवर बसून! मी म्हणायची, जरा तुम्हीही हला. तर म्हणायचात, "दिवसभर जॅक मारतो, मले काय व्यायाम सांगतं?" धट्टाकट्टा माणूस, कोणाला खोटं वाटलं असतं? मलाही नाही वाटलं. रोवणा झाला की दोघं मिळून चालायला जाऊ असं म्हणाला होतात. ते तेवढं राहूनच गेलं बघा.

खरं सांगू? मला धावायची हौस नाही. सोनूला आता बाप नाही, आई तरी धड राहावी, म्हणून धावते. पण ज्या धावण्यानं जगायचं त्याचीच भीती वाटते. छातीत ठोके वाढले की वाटतं, तुमचंही असंच सुरू झालं असेल का? डावा हात जरा दुखला की वाटतं, आलं. मग मी थांबून गळ्याजवळची नाडी चाचपते. पहिल्या दिवसानंतर सोनू माझ्यासाठी हळू धावायची; समोर तिची वेणी हलताना दिसली की पुन्हा पाय उचलते. आणि रपटा आला की वळते. रपट्याच्या पुढं आपली बांधी आहे. तिथं मी एकदाही गेले नाही.

आता ती वेणीही नाही पुढं. म्हणून आज परत आले. बूट काढले आणि चुपचाप चहा ठेवला.

मायला चहा नेऊन दिला तर तिनं घेतलाच नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात यमुनाकाकू डोक्यावर पदर घेत फाटकातून आत आली, घाबरीघुबरी. "का झालं वो? आज आवाज नाई आला!"

मी म्हटलं, "काही नाही काकू, आज गेलीच नाही."

ती हुश्श करून ओसरीवर टेकली. मग माय बोलली. इतक्या दिवसांत या धावण्याबद्दल पहिल्यांदाच बोलली. "तू वरडत जातं न, म्या इथं बसून आयकतो. दुधवाल्याच्या घरापासचा आवाज आला, मंग शाळेपासचा. मले वाटते, आज कोनाले काही झालं नाही. मंग मी चहा पेतो. आज काऊन नाई गेली वं? माहा जीव वरखाली होऊन राहिला न."

मला वाटायचं ती तिथं रागानं बसते!

म्हणून आता तुम्हाला सांगून ठेवते. उद्या मी जाणार. भीती वाटेल, छाती धडधडेल, धडधडू दे. डॉक्टर म्हणाले न, बोलता येतं तोवर ठीक. मी तर ओरडते! उद्या रपट्यावरून वळणार नाही, पुढं जाणार. आपल्या बांधीपाशी आले की त्या धुऱ्याकडे तोंड करून जोरात ओरडणार, "काही झालं नाही जी, धावून राहिली!" मायला ऐकू जाईल इतक्या जोरात. तुम्ही ऐका आणि तिथंच बसून राहा. माझ्यामागं उठून येऊ नका, तुम्हाला दम लागतो.

तुमचीच,
सोनूची आई