खाचेची सुरी

मामा,

आज रविवार, ११ मार्च १९७९. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती आणि मी ओसरीतल्या खिळ्याला आरसा टांगून दाढी करत होतो. वस्तरा हनुवटीखाली गेला तशी माय उठून अंगणात गेली. नऊ वर्षं ती असंच करते. दाढी झाली की परत येते, माझ्या गळ्यावरून बोट फिरवते आणि मगच चहा ठेवते. आज बोट फिरवताना तिने एक गोष्ट पहिल्यांदाच विचारली. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तू जाऊन सात वर्षं झाली, तरीही.

आठवीत नापास झालो तेव्हा मायनेच मला तुझ्या हवाली केलं. तिला वाटायचं, आपला भाऊ टोपीतून फुलं काढतो, रुपया गायब करतो. ते तू करायचास, पण बाजारातली माणसं थांबायची ती मुंडकं कापायच्या खेळाला. आधी तू सगळ्यांसमोर माझ्या पाया पडायचास. मामाने भाच्याच्या पाया पडायचं ही आपल्याकडची रीतच, त्यात कोणाला नवल नव्हतं. मग ओरडायचास, "हा माह्या सख्ख्या बहिनीचा लेक हाये बरं! भाड्यानं आनला नाही!" आणि पायांना लावलेल्या त्याच हाताने सुरी उचलायचास. बाया तोंडाला पदर लावायच्या. एखादी म्हातारी शिव्या घालायची, "मुडद्या, भाच्याचं पाप कुठी फेडशीन?" शिव्या पडल्या की तू खुलायचास. पात्याला गळ्याएवढी अर्धगोल खाच होती, ती तुझ्या रुमालाखाली झाकलेली. माझ्या गळ्याला हळदीचं पाणी, पात्याला चुना. दोन्ही एकत्र आले की लालभडक ओघळ. मग माझ्यावर चादर पडायची आणि तू कटोरा घेऊन फिरायचास. तुझा नियम एकच होता. "मुडद्याले कान नसतात. कोनी काई म्हनो, मी 'ऊठ' म्हनेपर्यंत हालाचं नाही."

मला एकच काळजी होती, मायला हे ठाऊक आहे ना? मानोऱ्याला एसटीची वाट पाहताना विचारलं, मालेगावला भजी खाताना विचारलं. तू वैतागलास. "कितीक डाव विचारशीन बे? बाईले सारं सांगतलं. सुरी हातात देल्ली, खाच दाखोली. हासली ती." खाच दाखवली, ती हसली, इतकं बारीक सांगितल्यावर कोण शंका घेईल? मी घेतली नाही. एरवी कडी लावली की नाही हे दोनदा उठून पाहणारा मी, तुझ्या शब्दावर निर्धास्त झोपलो.

कामरगावचा बाजार. दुपारचे दोन. मी चादरीखाली पडलो आहे, गळ्यावरचा ओघळ सुकून कातडी ओढतेय. तेवढ्यात गर्दीतून किंकाळी येते. "बाबू! माहा बाबू! भाऊ, काय केलं रे माह्या लेकराले!" धावणारी पावलं, बांगड्या, आणि माझ्या छातीवर येऊन पडलेलं एक माणूस. तू लगेच "ऊठ" म्हणत नाहीस. आधी कटोरा फिरवतोस. सगळा फेरा पुरा करतोस.

मी उठलो तेव्हा माय मातीत बसली होती. लोक टाळ्या वाजवत होते. ती माझा गळा पुसत होती, पदराने, पुन्हा पुन्हा.

"मामा, तिले माहीत नव्हतं?"

तू चिल्लर रुमालात बांधत होतास. "मीच सांगावा धाडला होता, पोराचा खेळ पाह्याले ये म्हून. पुढं जागा बी धरून ठेवली होती. अशी किंकाळी पैसे देऊन भेटत नाही, भाच्या." आणि मीही हसेन अशा आशेने तू माझ्याकडे पाहिलंस.

बाजार फसवून घ्यायलाच आला होता, त्याचं मला काही नाही. पण आम्ही दोघं तुझी माणसं होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू सवयीने पाया पडायला वाकलास, तेव्हा मी पाय मागे घेतले. पुन्हा तुझ्या चादरीखाली निजलो नाही. तू गेलास तेव्हा माय रडत गेली, मी गेलो नाही. तुझी पेटी घेऊन तीच आली. मी सुरी काढून तिच्या हातात दिली, खाच दाखवली. ती हसली नाही, मामा.

आज सकाळी माझ्या गळ्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "त्या दिशी तुले माहा आवाज आल्ता काय रे?"

"नाही माय," मी म्हणालो, "चादर जाड होती."

"मंग ठीक हाये," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

पाकीट आणलेलं नाही. तिला वाचता येत नाही, तरी हा कागद तुझ्या पेटीत सुरीखाली ठेवणार आहे. चादर जाड नव्हती. तुला ठाऊक आहे, उन्हात तिच्यातून माणसं दिसायची. पहिल्याच 'बाबू'ला मी तिचा आवाज ओळखला होता. तरी श्वास धरून पडून राहिलो आणि मनात आलं, आज खेळ रंगला.